बिनवासाचा चैत्र

मोह गळायला लागला. आमच्या सानगडीत आता उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर जातात आणि ऊन तापायच्या आत परत येतात. अंगणाअंगणात चटयांवर, जुन्या साड्यांवर, उताण्या केलेल्या खाटांवर फुलं पसरलेली आहेत. पिवळट, रसरशीत, हातात घेतली तर बोटाला चिकटणारी. काल शेजारच्या अंगणातून जाताना एक फूल चपलेखाली आलं आणि दोन वर्षांपूर्वीचा सगळा हंगाम माझ्यापुढे उभा राहिला.

त्या चैत्रात मला नाक नव्हतं. म्हणजे जागेवर होतं, चष्मा सांभाळत होतं, पण त्याला वास येत नव्हता. आणि त्या हंगामात मी नवऱ्याशी रोज एक खोटं बोलत होते. चौतीस वर्षांच्या संसारात बारीकसारीक खोटं कोण बोलत नाही? गुडघा दुखत असला तरी नाही म्हणायचं, भाऊजी आवडत नसले तरी छान म्हणायचं. पण हे मोठं होतं. 'माझा वास परत आला' असं मी ह्यांना सांगून बसले होते, आणि आला नव्हता.

त्या हिवाळ्यात मला ताप आला. आठ दिवसांत गेला, पण जाताना वास घेऊन गेला. मला कळलंसुद्धा नाही. एका सकाळी मी गॅससमोर उभी राहून, मन भलतीकडेच, दूध ढवळत होते आणि हे खिडकीतून धूर पाहून बाहेरून धावत आले. "अवं, काय जळून राह्यलं?" मी म्हटलं, "कुठं काय?" माझ्या हातातलं पातेलं तळाला काळं झालं होतं आणि घरभर धूर होता. मी त्या धुरात उभी होते आणि मला वास म्हणून काही येत नव्हता.

वास गेला तर काय जाईल, असं मला आधी कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, उदबत्ती जाईल, अत्तर जाईल, जाऊ दे. पण जातं भलतंच. भात शिजत आला की झाकण न काढता मला कळायचं, ते गेलं. तूरडाळीला फोडणी पडल्यावर लसूण नेमका कधी लाल होतो ते गेलं. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं; पहिलीच्या वर्गाला एक वास असतो, खडूचा, खोबरेल तेलाचा आणि डब्यातल्या चटणीचा. निवृत्त झाल्यावरही डोळे मिटले की तो यायचा, तो गेला. सर्वांत वाईट म्हणजे नातवाच्या टाळूचा वास. मुलीच्या बाळंतपणाला गेलो तेव्हा त्याच्या टाळूला नाक लावून मी बसत असे. आता तो आठवायला गेले तर नुसतं डोकं दिसायचं. मी न्हाणीघरात जाऊन रडले, नळ सोडून, म्हणजे ह्यांना ऐकू जाऊ नये.

जेवण तर नुसतं चावायचं काम झालं. तिखट, खारट, आंबट, गोड, कडू, एवढंच जिभेला कळे. वांग्याची भाजी आणि ओला कागद ह्यांत फरक राहिला नाही. मी वाळायला लागले. सानगडीत कोणाकडे लग्न निघालं की "मॅडम, एकदा वरण चाखून पाहा" म्हणून मला बोलावणं येतं. त्या हिवाळ्यात मी दोन घरांना गुडघ्याचं कारण सांगून नाही म्हटलं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नाकाला पुन्हा शिकवावं लागेल. लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल आणि गुलाब, चार वास सकाळ-संध्याकाळ घ्यायचे, मनात आठवत घ्यायचे. झालं! आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. आयुष्यभर कालव्याच्या पाण्याची उंची मोजली. त्यांना मोजायला नवीन काहीतरी मिळालं. चार बाटल्या, चार चिठ्ठ्या आणि एक वही. सकाळी सात, संध्याकाळी सात. मी खुर्चीवर, हे समोर स्टुलावर.

"लवंग?"

"नाही."

"थोडीशी?"

"नाही म्हटलं ना."

"लिंबू?"

वहीत फुली. पुन्हा फुली. तीन महिने पानंच्या पानं फुल्यांची. मी तीस वर्षं पोरांची हजेरी घेतली, त्याचं पाप फिटत होतं बहुतेक. पण मला त्या फुल्यांचा त्रास नव्हता. मला त्रास होता ह्यांच्या चेहऱ्याचा. बाटली नाकाशी धरली की हे स्वतः श्वास रोखून बसत. मी 'नाही' म्हटलं की हळूच सोडत. फाल्गुनातल्या एका सकाळी मला ते पाहवलं नाही. लवंगेची बाटली समोर आली आणि मी म्हणून गेले, "आला."

"खरं?"

"हाव. बारीक, पण आला."

माणूस स्टुलावरून उठला, वही टाकली, चप्पल न घालता चौकात गेला आणि जिलबी घेऊन आला. आजूबाजूच्या सात घरांत वाटली. "आमच्या मास्तरीणचं नाक आलं," असं सांगत. नाक आलं म्हणजे काय, असं कोणी विचारलंही असेल. मी दारात उभी राहून हसत होते. संध्याकाळी सांगून टाकू, असं ठरवलं. संध्याकाळी ते मुलीशी व्हिडिओवर बोलत होते आणि त्यांचा आवाज कापत होता. मग उद्या सांगू म्हटलं. खोट्याचं असंच आहे, पहिल्या दिवशी सांगितलं नाही तर दुसऱ्या दिवशी ते दुप्पट जड होतं.

आणि मी बरी झाले ह्या आनंदात ह्यांनी माळ्यावरचं खोकं खाली काढलं.

त्या खोक्याचं असं की मुलीच्या बाळंतपणाला आम्ही सहा महिने विलायतेत होतो. तिच्या शेजारी एक म्हातारेबुवा राहत, एकटेच. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला, लाकडी घोडीवर, एक पोलादी पिंप आडवं ठेवलेलं असे. मध्ये पोट फुगलेलं, अंगावर ओलं फडकं. ते स्वतः घरी एल बनवत, म्हणजे बियरच, पण आपल्या दुकानातल्यासारखी दात बधिर करणारी नाही. वरून गॅस भरलेला नाही, बर्फ नाही. पिंपाच्या तोटीतून आपल्या वजनाने ग्लासात उतरते, विहिरीच्या पाण्याएवढी गार. ह्यांचं इंग्रजी फायलीतलं आणि म्हाताऱ्याला ऐकू कमी. तरी दर रविवारी दुपारी दोघे तास न् तास बसत. मैत्री सगळी मोजमापाच्या काट्यांवर आणि थर्मामीटरवर. एकदा मीही गेले. म्हाताऱ्याने मला अर्धा ग्लास दिला. मी आधी वास घेतला, तेव्हा घेता येत होता. ताज्या भाकरीचा, वाळलेल्या गवताचा आणि मागून संत्र्याच्या सालीचा. मी ह्यांना म्हटलं, "याच्यात आपला मोह पडला तं सोनं होईल."

माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय. निघताना म्हाताऱ्याने ह्यांना एक जुनं लहान पिंप आणि सामानाचं खोकं भेट दिलं. विमानतळावर त्या पिंपावरून आमची जी तपासणी झाली, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तर ते खोकं माझ्या नाकाच्या सन्मानार्थ उघडलं. झाकणाची मोठी पांढरी बादली. झाकणावर एक वाकडी काचेची नळी, तिच्यात पाणी. आतला वायू बुडबुडत बाहेर यावा पण बाहेरची हवा आत जाऊ नये म्हणून. दूधवाल्याकडे असतो तसा तरंगणारा काटा. काकवीसारख्या घट्ट माल्टचा, म्हणजे मोड आलेल्या जवाच्या अर्काचा, डबा. हॉप्स नावाची वाळकी कडू फुलं. लाकडी हातोडी, तोटी आणि लाकडाच्या खुंट्या, काही मऊ, काही टणक. ह्यांनी सगळं धान्याच्या खोलीत मांडलं, कारण घरात तीच त्यातल्या त्यात गार. सुताराकडून घोडी करून घेतली. पिंपाखाली तणशीची गादी, वर ओली तरटं आणि समोर कूलर.

"आपण दोघं घामानं भिजून राह्यलो अन् पिंपाले कूलर?" मी म्हटलं.

"मास्तरीणबाई, हा जिवंत माल आहे."

"अन् मी?"

"तू तं खंबीर आहे."

परवान्याच्या कागदपत्रांचं ह्यांनी काय केलं, कोणाला विचारलं, ते मला विचारू नका, ते त्यांचं खातं. मी एवढंच म्हटलं की पेन्शन घेता घेता भलत्या ठिकाणी जाऊन बसू नका.

आता खरी मेख. असल्या कामात सगळं वासावर चालतं. बिघडलं की आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना. आणि ह्यांना जन्माची सर्दी. बाराही महिने नाक चोंदलेलं. म्हणून म्हाताऱ्याच्या सूचनांच्या कागदावर जिथे जिथे 'वास घेऊन पाहा' असं होतं, तिथे तिथे ह्यांनी लाल पेनने लिहिलं, 'मास्तरीण'. अहो, मी ते पान वाचलं आणि मला घाम फुटला! एक, दोन, तीन... सहा ठिकाणी मी.

पहिलं काम मोहाचं. शेजारच्या शेवंताबाईने आदल्या आठवड्याची फुलं दिली. पोत्यात होती. ह्यांनी पोत्याचं तोंड उघडून माझ्यापुढे धरलं.

"पाह्य बरं वास घेऊन."

मी तोंड खुपसलं. माझ्या गालाला फुलं लागली, ऊबदार लागली. वाळलेलं फूल ऊबदार लागायला नको, हे मला कळायला हवं होतं. माझ्या आजोळी, बपेऱ्याकडे, मामी पोत्यात हात घालून ऊब लागली की फुलं लगेच उन्हात ओतायची. ओली राहिलेली फुलं आतून कुजतात. पण मी तेव्हा एकच विचार करत होते, चेहरा कसा करायचा. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "छान."

"गोड येऊन राह्यला?"

"हाव ना, एकदम गोड."

हे खूश. माल्ट उकळलं, हॉप्स पडले, थंड झाल्यावर मोहाचा काढा पडला, यीस्ट पडलं, बादलीचं झाकण लागलं. दुसऱ्या दिवसापासून नळी बोलायला लागली. बुडुक... बुडुक... नाक गेल्यापासून माझे कान तिखट झाले होते. दुपारी सगळं गाव निपचित असताना मी धान्याच्या खोलीत पाट टाकून ते ऐकत बसे. आत काहीतरी चालू आहे, कोणीतरी काम करतंय, असं वाटायचं. त्या महिन्यात तेवढीच एक गोष्ट मला खरी वाटत होती. ती बादली, आणि तिच्याजवळ मी, आणि माझ्याजवळ माझं खोटं. कधीकधी वाटायचं, ह्या बादलीलाच सांगून टाकावं.

रोज संध्याकाळी हे विचारत, "वास?" आणि मी नळीपाशी वाकून म्हणे, "भाकरीचा. आज थोडा संत्र्याचा." विलायतेत घेतलेला वास मी आठवून आठवून, रोज थोडा थोडा करून, त्यांना देत होते. हे वहीत लिहीत. फुल्या संपल्या होत्या, आता बरोबरच्या खुणा होत्या.

आठ दिवसांनी माल पिंपात गेला. पिंपाच्या पाठीवर एक भोक असतं, त्यात मऊ लाकडाची खुंटी मारायची. पिंपात गेल्यावरही एल आतल्या आत फसफसत राहते, तिचा जास्तीचा वायू त्या मऊ लाकडातून हळूहळू निघून जातो. तो जाऊ द्यायचा असतो. मग गाळ तळाला बसतो, मग ती काढून टणक खुंटी मारायची आणि मग तोटी ठोकायची. हे मला ह्यांनी नीट समजावलं होतं. मी मान डोलावली होती. पण माणूस ऐकतो एक आणि हाताला आठवतं दुसरंच.

दुसऱ्या दुपारी हे झोपलेले. मी खोलीत गेले तर पिंपातून आवाज, सूंऽऽ. तरट उचलून पाहिलं, खुंटीभोवती बारीक फेस. आणि मी एका क्षणात आजोळी पोचले. मामी मोहाच्या दारूची हंडी चुलीवर चढवायची तेव्हा झाकणाच्या सांध्याला चिकणमाती आणि फडकं लावण्याचं काम आम्हा पोरींचं. कुठे फट राहिली आणि वाफ निसटली की मामी ओरडायची, "वास चालला न वो! वास गेला तं मंग राह्यलं काय?"

वास चालला. माझ्यासमोर पुन्हा वास चालला होता, आणि ह्या वेळी मला निदान ऐकू येत होता. मी धावत गेले, कणीक भिजवली, जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडली, खुंटीला गुंडाळली, वरून कणकेचा जाड थर दिला, त्यावर चिकणमाती. सूं बंद झालं. तरट पुन्हा नीट पांघरलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या दिवसांत ह्या कामात मी एक तरी गोष्ट खरी केली, असं वाटलं. ह्यांना सांगितलं नाही. म्हटलं, उद्घाटनानंतर सांगू, शाबासकी मिळेल.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता उद्घाटन. खरं तर आधी खुंटी बदलायची आणि तोटी आदल्या दिवशीच ठोकून ठेवायची, पण हौसेला कोण आवरणार! देवरामभाऊ, ह्यांचे खात्यातले जुने मित्र, बायकोला, सुलोचनाबाईंना, घेऊन आले. शेवंताबाई दारातून डोकावत होती. मी बायकांसाठी आंब्याचं पन्हं केलं होतं, मापाने, चव न घेता. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पिंपाला हळदकुंकू लावायचं की नाही यावर थोडा वाद झाला, मग लावलं.

"बसा, बसा. हे असं दुकानात भेटत नाई," हे म्हणाले. डाव्या हातात तोटी धरली, उजव्या हातात हातोडी. "आमच्या मास्तरीणच्या नाकावर बनलं हे सारं."

एक ठोका. दुसरा ठोका.

पुढे काय झालं ते नीट कोणालाच दिसलं नाही. फाट्कन आवाज झाला, तोटी ह्यांच्या हातातून उडून धान्याच्या कोठीवर आदळली आणि पिंपाच्या तोंडातून पिवळा झोत थेट छताला लागला. पाठीवरची खुंटी माझ्या कणकेसकट वर गेली. आमच्या सगळ्यांवर पाऊस. इस्त्रीचा शर्ट, देवरामभाऊंची टोपी, पन्ह्याचे ग्लास, सगळं न्हालं. "अवो माय!" सुलोचनाबाई किंचाळल्या. मग पिंप रिकामं होऊन नुसतं ठिबकायला लागलं आणि मला हसू आलं. काय करू, आलं. मी हसत हसत फडकं घेतलं, खाली बसले आणि फरशी पुसायला लागले.

"झालं ते झालं," मी म्हणत होते, "बसा तुम्ही, मी आत्ता पुसते." मी वर पाहिलं.

सुलोचनाबाईंनी नाकातोंडावर पदर घट्ट धरला होता. देवरामभाऊ टोपी नाकावर दाबून दाराकडे सरकत होते. शेवंताबाई तर अंगणात पळाली होती आणि तिथून ओरडत होती, "काय सडलं वो, मॅडम? मेलेला उंदीर पडला काय त्याच्यात?" आणि आमचे हे, जन्माची सर्दी असलेला माणूस, त्यांनीसुद्धा खिशातला रुमाल काढून नाकाला लावला होता.

एकटी मी. उघड्या तोंडाने, त्या घाणीच्या मधोमध बसून, हसत, दोन्ही हातांनी ती पुसत होते.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं एका घरात राहिल्यावर काही बोलावं लागत नाही. माझं हसू तिथल्या तिथे सुकलं. मला वाटलं, भुई दुभंगली तर बरं. आता चारचौघांत म्हणतील, अवं, तुले वास नाई येऊन राह्यला काय?

"काय घाण वास आहे हो!" सुलोचनाबाई पदराआडून म्हणाल्या.

ह्यांनी रुमाल नाकावरून काढला. शांतपणे घडी केली, खिशात ठेवला. "वास?" ते म्हणाले. "कायचा वास? मले तं काईच नाई येऊन राह्यला, बाप्पा."

आणि इस्त्रीच्या शर्टासकट खाली माझ्याशेजारी बसले, दुसरं फडकं घेतलं आणि पुसायला लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या वासाने की कशाने, ते मी तेव्हा विचारलं नाही.

मंडळी गेली. आम्ही दोघं पुसत राहिलो.

"कवापासून?" त्यांनी फरशीकडे पाहत विचारलं.

"आलाच नाही. कधीच नाही. तुम्ही जिलबी आणली त्या दिवशीही नाही."

"अन् लवंग?"

"खोटं बोलले."

मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी फडकं बादलीत पिळलं आणि म्हणाले, "मी तुले लय बेजार केलं काय? सकाळ-संध्याकाळ बाटल्या घेऊन? म्हणून बोलली ना तू?"

"बेजार नाही हो. तुम्ही श्वास रोखून बसायचे, ते मला पाहवेना."

मग मात्र ते रडले. मोठ्याने नाही, खांदे हलवत. म्हणाले, "मले वाटलं, जन्मात एक काम तं नीट केलं तुह्याच्यासाठी." मी त्यांचा हात धरला. दोघांचेही हात चिकट होते. मी कणकेचं सगळं सांगितलं, मामीचं, हंडीचं, सूं आवाजाचं. तेव्हा ते रडता रडता हसायला लागले. "अवं, भट्टीवाल्याच्या भाचीच्या हातात मी पिंप देल्लं! माहीच चूक आहे!"

पिंपाच्या तळाशी पावशेर राहिली होती. त्यांनी दोन पेल्यांत ओतली. "आता खरं सांग."

मी घोट घेतला. "आंबट. कडू. अगदी भिकार."

"खरं बोलली," ते म्हणाले आणि आपला पेला मोरीत ओतून आले.

वैशाखात दुसरा घाणा लागला. ह्या वेळी कडकडीत वाळलेली फुलं, आणि वासाला सुलोचनाबाई. खुंटीकडे जायची मला बंदी होती. तोटी आदल्या दिवशी, गुपचूप ठोकली. आणि काय सांगू, साधली. ग्लासात उतरली ती पिवळ्याधमक मधासारखी, वर बोटभर फेस. जिभेला मऊ लागली, आधी गोडसर, मग मागून कडू. देवरामभाऊंनी दोनदा मागून घेतली. सगळे वाहवा करत होते आणि मी ग्लास हातात धरून बसले होते. चव अर्धीच मिळत होती ना मला.

"वास कसा आहे?" मी ह्यांना हळूच विचारलं.

ते गडबडले. सर्दीचा माणूस, आयुष्यात कधी कोणाला वास सांगितला नव्हता. ग्लासात नाक घालून बराच वेळ बसले. "कालव्याले पहिलं पाणी सोडलं की माती फुगते ना," ते म्हणाले, "तवा येते, तसा. पण... गोड."

मी डोळे मिटले आणि मला कालवा दिसला. वास नाही आला, पण कालवा दिसला. त्या दिवशी मी तो ग्लास पूर्ण प्यायले.

तेव्हापासून हे चालू आहे. दोन वर्षं झाली. रोज सकाळी हे गरम पाण्याची वाफ घेतात, डोक्यावर टॉवेल घेऊन दहा मिनिटं, घाम गळेपर्यंत. कशासाठी? नाक मोकळं व्हावं म्हणून. नाक कशासाठी? मला सांगायचं म्हणून. डॉक्टरांनी चाळीस वर्षं वाफ घ्या म्हणून सांगितलं तेव्हा ह्या माणसाने कधी ऐकलं नाही. वाफ घेतली की अर्धा-पाऊण तास त्यांना वास येतो, तेवढ्यात ते सगळीकडे फिरतात आणि मला आणून देतात. चहाला आज आलं जास्त झालं. गोठ्याकडून वारा आहे. तांदळाच्या कोठीत कडुनिंबाचा पाला बदलावा लागेल. मला तर वाटतं, नाक चांगलं असताना मी इतके वास कधी घेतले नव्हते. तेव्हा ते आपोआप यायचे, आता एक माणूस घाम गाळून ते गोळा करतो.

त्यांना नीट सांगता येत नाही हो. उपमा सगळ्या पाटबंधाऱ्याच्या. लसणाच्या फोडणीला ते 'कालव्याचं दार उघडल्यावानी' म्हणतात. मी शिक्षिका, मला दुरुस्त करावंसं वाटतं. पण जीभ आवरते.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला मोह निमित्त आहे, पण कारण दुसरं आहे.

परवा सकाळी आम्ही बोडीच्या पाळीवर गेलो. झाडाखाली फुलांचा सडा होता. हे नेहमीप्रमाणे टॉवेल खांद्यावर टाकून मोहाखाली उभे राहिले, डोळे मिटले, मान वर केली आणि सांगायला लागले. "आज गुळाच्या पाकावानी आहे. पाक थोडा जास्त झालेला. त्याच्यात मंग... कायतरी ओलं."

आणि मला वास आला.

बारीक. दुसऱ्या गावातला ढोल वाऱ्याने यावा इतका बारीक. पण आला. आठवून आणलेला नव्हे, खरा. मी झाडाला हात लावून उभी राहिले. आणि तो गुळाच्या पाकासारखा मुळीच नव्हता. तान्ह्या पोराच्या तोंडाला दूध पिऊन झाल्यावर येतो, तसा होता. काल पुन्हा आला, आज पुन्हा.

मी अजून बोलले नाही. एकदा न आलेला आला म्हणून सांगितलं आणि सात घरी जिलबी वाटायला लावली; आता आलेला सांगत नाही. मला काय म्हणावं! पण हे सगळं लिहून झालं की मी त्यांनाच देणार आहे, माझं शुद्धलेखन तेच तपासतात, म्हणजे दुपारपर्यंत त्यांना कळेल. रागावतील, मग चप्पल न घालता चौकात पळतील.

पण आत्ता सकाळ आहे. आत पातेल्यावर झाकण वाजलं, वाफ घेऊन झाली. आता ते घामाने भिजून अंगणात येतील आणि म्हणतील, "ऐक, मास्तरीण." आजचा एवढा दिवस मी ऐकून घेते.